एनओसीतला ‘पुरेसा वेळ’ कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरी करत पीएचडी करायची तर ऍडमिशनला आपल्या कॉलेजची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर 2022 च्या नियमात त्यात काय असावं तेही दिलंय, की या माणसाला पार्टटाइम पीएचडीची परवानगी आहे, काम सांभाळून त्याला रिसर्चला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) त्याला मोकळं केलं जाईल. प्राचार्यांची सही, गोल शिक्का, झालं काम. नंतर तो कागद कुणी उघडून बघितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते, माझा विषय बचतगटांची कर्जं. आठवड्याला 16 तास शिकवायचं, त्याबद्दल तक्रार नाहीच, शिकवायला आवडतं म्हणून तर या लाइनीत आलो. पण त्यावर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) फॉर्म, एनएसएसचा कॅम्प, परीक्षेचं सुपरव्हिजन, इलेक्शन लागलं की ती ड्युटी, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने सिलॅबस बदलला त्याची तयारी वेगळीच. कोर्सवर्क नेमकं मे महिन्यात आलं आणि त्याच आठवड्यात पेपर तपासायची ऑर्डर. विचारायला गेले तर "मॅडम, तुमचं तुम्ही ऍडजस्ट करा." केलं ऍडजस्ट, स्वतःच्या रजा घालून.

खरी गंमत फील्डवर्कची. गटाची हप्त्याची मीटिंग मंगळवारी दुपारी आणि माझं टीवायचं लेक्चरही मंगळवारी दुपारीच, वर्षभर ते टाइमटेबल काही हललं नाही. शेवटी त्या बायकाच म्हणाल्या, मॅडम तुम्ही रात्री या, जेवणंखाणं उरकल्यावर बसू. मग रात्री कुणाच्या तरी पडवीत मोबाइलच्या टॉर्चवर वही बघायची. तिथं एकीने सांगितलं की वहीत ‘शेळी खरेदी’ लिहिलंय ते कर्ज खरं तर फायनान्सवाल्याचा थकलेला हप्ता भरायला उचललं होतं, शेळी आलीच नाही. मग बाकीच्याही बोलायला लागल्या. माझ्या थिसिसमधलं सगळ्यात कामाचं चॅप्टर त्या पडवीत मिळालं, पण म्हणून टाइमटेबल बरोबर होतं असं कुणी म्हणू नये, परत यायला एसटी नसायची आणि सकाळी पहिलं लेक्चर माझंच.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असणाऱ्यांचं तर विचारूच नका, तासाप्रमाणे मानधन, दोन-दोन कॉलेजं, सुट्टीत पैसे नाहीत, आणि त्यांना ‘पुरेसा वेळ मिळतो’ हे लिहून कोण देणार?

लोक म्हणतात आता असिस्टंट प्रोफेसरला नेट-सेट ही पात्रता परीक्षा चालते, जुलै 2023 पासून पीएचडीची सक्ती नाही, मग कशाला जिवाला त्रास. अहो पण असोसिएट व्हायचं तर पीएचडी लागतेच. आणि पीएचडी करून काय दिवे लावणार असं डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांचं विचारून झालंच आहे, ते आमच्या स्टाफरूममध्ये अजून रोज ऐकवलं जातं.

नियम सगळे वाईट नाहीत. पीएचडीला सहा वर्षं, मग रि-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन, बायकांना त्यावर अजून दोन, बाळंतपण आणि मुलांसाठी 240 दिवसांपर्यंत रजा. रिसर्च पेपर छापायची सक्तीही काढली (पैसे घेऊन छापणाऱ्यांचे मेसेज मात्र थांबलेले नाहीत). पण मुदत वाढवून दिली म्हणजे वेळ दिला असं होत नाही ना, आठवडा तोच राहतो.

माझं मागणं एवढंच आहे की एनओसीमध्ये आठवड्यातला कुठला दिवस किंवा कुठली अर्धी पाळी रिसर्चसाठी मोकळी असेल ते वारासकट लिहावं. पीएचडीच्या संशोधन सल्लागार समितीपुढं दर सेमिस्टरला प्रेझेंटेशन द्यावंच लागतं, तिथं प्रगती विचारतात तसं तो दिवस मिळाला का हेही विचारावं आणि रिपोर्टमध्ये नोंदवावं, म्हणजे कॉलेजलाही उत्तर द्यावं लागेल. त्या दिवसाची लेक्चर्स कोण घेणार असं संस्थावाले म्हणतील, आणि खरंय त्यांचं, रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्याच नाहीत तर घेणार कोण. पण तो प्रश्न त्यांनी सरकारला विचारावा, तो आमच्या रविवारातून कापून घेऊ नये.

आपली,
एक प्राध्यापिका, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये, थिसिस अजून सबमिट व्हायचाय)