समुद्राखालचं राज्य नसतं तरी चाललं असतं

प्रिय मनू,

तू दिलेली कादंबरी वाचून झाली. ‘नुसतं छान म्हणून सुटू नका’ अशी तंबी होती, म्हणून हे पत्र.

आधी तक्रार. उघडल्या उघडल्या नकाशा, मग राजघराण्यांची वंशावळ, शेवटी शब्दसूची. ते पाहूनच मी जरा दबकलो. पुढे शापित राजकन्या आली, भाकीत आलं, ड्रॅगनांची शाळा, हरवलेली जुळी बहीण, तलवारबाजीची स्पर्धा, आणि हे कमी पडलं म्हणून समुद्राखालचं एक राज्य. झिप लागत नसलेल्या बॅगेवर गुडघा देऊन बसावं तसं सगळं कोंबलंय. जादू तर फारच सोयीची. प्रत्येक मंत्रापायी आपली एक आठवण गमवावी लागते, असं सुरुवातीला सांगितलंय. काय सुरेख कल्पना! मला वाटलं, ही पोरगी नायकाला वाचवायला जाणार आणि त्यालाच विसरणार. पण ऐन लढाईत ती धडाधड मंत्र म्हणते आणि तिचं काहीच जात नाही. (आठवण बहुधा लेखिकेची गेली असावी.)

तरीही मी पहाटेपर्यंत वाचत बसलो, हेही खरं. कारण तो बुरुजावरचा प्रसंग. बाहेर बर्फ, दोघं एकमेकांच्या शत्रुपक्षातले, आणि ती त्याच्या दंडावरची जखम शिवतेय. हात थरथरतात म्हणून टाके मोठ्यानं मोजते, मध्येच चुकते, आणि तो दातओठ खात हळूच बरोबर आकडा सांगतो. बास. प्रेमाचा एक शब्द नाही. ते पान मी पुन्हा वाचलं. तेवढ्यात दारात निरोप्या हजर, आणि पुढची कितीतरी पानं आपण भलत्याच राज्यात! मी चिडलो तो तिथे. या दोघांच्या जिवावर गोष्ट तरेल असा लेखिकेला भरवसाच नाही. ते बोलायला लागले की ती घाईघाईनं एखादं सैन्य पाठवते.

२००८ मध्ये आलेलं ‘द हंगर गेम्स’ तू माझ्याआधी वाचलंस. तिथेही एक मुलगी, गेल आणि पीटा हे दोन मुलगे आणि जुलमी सत्ता. पण गेलचा संताप की पीटाची माणुसकी, हा तिच्या मनातला प्रश्न त्या बंडाचाही असतो. एक काढून घेतलं तर दुसरं लंगडं पडतं. या पुस्तकात प्रेमाचं आणि युद्धाचं एकमेकांवाचून काहीच अडत नाही.

तो चंदेरी केसांचा दुसरा नायक मला मुळीच आवडला नाही. न विचारता तिच्या खोलीत येतो, तिची पत्रं फोडतो, आणि हे सगळं म्हणे काळजीपोटी! तुझ्या मैत्रिणी त्याच्यावर फिदा आहेत म्हणालीस. कादंबरीत असू दे. बाप म्हणून एवढंच लिहून थांबतो.

दुसरा भाग मिळाला की पाठव. बुरुजावरच्या त्या पोरानं तिला आपलं खरं नाव अजून सांगितलेलं नाही, आणि ते कळेपर्यंत मला चैन पडणार नाही. समुद्राखालचं मात्र सगळं गाळून वाचणार आहे.

तुझा,
बाबा