हरणाच्या शिकारीत रिव्हॉल्व्हरचा पल्ला किती धरावा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील हरणांच्या शिकारीच्या हंगामावर आलेला लेख मी आवडीने वाचला. हंगामाची लगबग, परवान्यांची पद्धत आणि जंगलातल्या पहाटेचे वर्णन त्यात चांगले उतरले आहे. परंतु ४४ मॅग्नम हे जोरदार काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर दोनशे यार्डांवरून हरीण सहज पाडते, अशा अर्थाचे जे विधान त्यात आहे, ते दुरुस्तीवाचून वाचकांसमोर राहू नये असे मला कळकळीने वाटते. मी बरीच वर्षे ओहायो राज्यात राहतो, तेथील परवान्यावर रिव्हॉल्व्हरने शिकार करतो, आणि नव्याने या वाटेला येणाऱ्या मराठी तरुणांशी माझा या विषयावर वारंवार बोलण्याचा प्रसंग येतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या डोक्यात हाच दोनशेचा आकडा पक्का बसलेला असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळे पुढील विवेचन अमेरिकेपुरते, त्यातही मुख्यतः ओहायोपुरते आहे हे आधीच स्पष्ट करतो. ओहायोत विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीचे हरीण जवळजवळ नामशेष झाले होते. पुढे संरक्षणामुळे त्यांची संख्या वाढत गेली आणि १९४३ मध्ये मोजक्या भागात शिकारीचा हंगाम पुन्हा उघडला. आज लांडगा आणि प्यूमा हे त्यांचे नैसर्गिक शत्रू तेथे उरलेले नसल्याने संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बव्हंशी परवानाधारक शिकारीच करतात. बंदुका आणि काडतुसांवरील विशेष करातून वन्यजीवांसाठी पैसा उभा करणारा संघराज्याचा कायदाही १९३७ पासून लागू आहे. ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे शिकारी जनावराला झटपट आणि खात्रीने मारील. पल्ल्याचा प्रश्न याच गृहीताशी निगडित आहे.

ओहायोच्या नियमानुसार हरणासाठी वापरायच्या रिव्हॉल्व्हरची नळी किमान ५ इंच लांब असावी लागते, आणि काडतूस तोंडाशी निमुळते न होणारे, सरळ आणि ०.३५७ इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे असावे लागते. १९३५ साली आलेले ३५७ मॅग्नम ही झाली कायद्याची खालची मर्यादा. बहुतेक जाणकार हरणासाठी ४१ किंवा ४४ मॅग्नमपासून पुढचीच काडतुसे पसंत करतात. यांपैकी ४४ मॅग्नम १९५० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आले आणि आजही सर्वाधिक वापरले जाते, म्हणून मी त्याचेच उदाहरण घेतो.

या काडतुसाची २४० ग्रेन (सुमारे साडेपंधरा ग्रॅम) वजनाची गोळी साडेसात इंची नळीतून सेकंदाला सुमारे १३०० फूट वेगाने निघते. साध्या ३०-०६ रायफलीची गोळी याच्या दुपटीहून अधिक वेगाने निघते. रिव्हॉल्व्हरची गोळी जाडजूड आणि आखूड असल्याने हवेत तिचा वेग लवकर मोडतो आणि १०० यार्डांपर्यंत तो हजार-अकराशे फुटांवर येतो. ५० यार्डांवर नेम जुळवून ठेवला असेल, तर १०० यार्डांवर गोळी नेमाच्या सुमारे पाच इंच खाली लागते, १५० यार्डांवर सुमारे दीड फूट खाली आणि २०० यार्डांवर तीन फुटांहून अधिक खाली. शिवाय दोनशे यार्डांचे अंतर कापायला तिला अर्धा सेकंद लागतो, आणि चरत असलेले हरीण तेवढ्यात सहज एक पाऊल पुढे टाकते. हरणाच्या छातीतील हृदय आणि फुप्फुसांचा, म्हणजे जिव्हारी लागण्याचा भाग साधारण आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. म्हणून शंभर यार्डांच्या पुढे अंतराचा अंदाज जरा जरी चुकला, तरी नेम कितीही स्थिर असला तरी त्याचा उपयोग होत नाही. सव्वाशे यार्डांवरील हरीण शंभरावर आहे असे धरून गोळी झाडली, तर ती आणखी पाच-सहा इंच खाली जाते. पानगळ झालेल्या ओकच्या जंगलात, उतारावर आणि पहाटेच्या फिकट उजेडात पंचवीस यार्डांची अशी चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

गोळी किती खाली जाते, हे गणिताने आणि लेझरच्या अंतरमापकाने सांभाळता येते. खरी अडचण हाताची आहे, आणि याच मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रिव्हॉल्व्हरवर नेम धरण्यासाठी असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातील अंतर नऊ इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर असते. पन्नास यार्ड म्हणजे जवळजवळ ४६ मीटर, अर्थात या अंतराच्या दोनशे पट. याचा सरळ अर्थ असा की, चाप ओढताना माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी पन्नास यार्डांवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते, म्हणजे जिव्हारीच्या भागाच्या मध्यापासून थेट त्याच्या कडेपर्यंत. शंभर यार्डांवर तीच चूक वीस सेंटिमीटरची होते, आणि गोळी फुप्फुसांऐवजी पोटात किंवा पुढच्या पायात शिरते. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढे अंतर. थंडीने आखडलेल्या बोटांनी, छातीत धडधड होत असताना आणि समोर शिंगांचा नर उभा असताना तेवढी हालचाल होणार नाही, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल? रायफलीच्या बाबतीत दस्ता खांद्याला टेकलेला असतो, गाल त्यावर स्थिर असतो आणि दोन्ही नेमबिंदूंतील अंतर दुपटीच्या घरात असते. रिव्हॉल्व्हरला यांपैकी एकही आधार नाही.

त्यात धक्क्याची भर पडते. ४४ मॅग्नमचा धक्का आणि आवाज यांमुळे नवख्या माणसाचे मन गोळी सुटण्याआधीच दचकू लागते आणि मनगट नकळत खाली झुकते. हा दोष एकदा अंगवळणी पडला की काढायला फार कष्ट पडतात. म्हणून सुरुवात ४४ स्पेशलच्या सौम्य काडतुसांनी करावी, हे काडतूस त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालते. कानांना नेहमी दुहेरी संरक्षण असावे. आणि जंगलात घोडा आधी मागे ओढून मगच चाप दाबावा, कारण तसे केल्यास चाप तीन-चार पौंडांच्या दाबाने सुटतो, तर घोडा न ओढता दाबल्यास त्याला दहा-बारा पौंड लागतात. चकरी आणि नळी यांच्यामधील फटीतून तप्त वायू बाहेर फेकला जातो, त्यामुळे आधाराचा हात त्या फटीच्या पुढे कधीही ठेवू नये, हेही येथे सांगितले पाहिजे.

लांब पल्ल्याच्या बाजूने बोलणारे दोन दाखले हमखास देतात. पहिला एल्मर कीथ यांचा. ४४ मॅग्नमच्या जन्मात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या कीथ यांनी सहाशे यार्डांवरील हरीण रिव्हॉल्व्हरने पाडल्याची हकिगत स्वतः सांगितली आहे. परंतु ते हरीण सोबत्याच्या रायफलीने आधीच जखमी झाले होते आणि त्याची यातना संपवण्यासाठी कीथ यांनी गोळ्या झाडल्या, हा भाग पुढे सांगताना गळून पडतो. जखमी जनावर निसटून जाऊ नये म्हणून केलेला प्रयत्न आणि धडधाकट जनावरावर तितक्या दुरून झाडलेली पहिली गोळी, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे; आणि कीथ यांच्यासारखा आयुष्यभर रोज रिव्हॉल्व्हर हाताळलेला माणूस हा सर्वसामान्यांसाठी दंडक होऊ शकत नाही. दुसरा दाखला नव्या काडतुसांचा दिला जातो. ५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम २००३ मध्ये आणि ४६० हे २००५ मध्ये आले. यांपैकी ४६० ची २०० ग्रेनची गोळी सेकंदाला २२०० फुटांच्या आसपास वेगाने निघते आणि तिचा मार्ग बराच सपाट असतो, हे खरेच आहे. दुर्बीण बसवलेले हे दोन किलो वजनाचे हत्यार पक्क्या आधारावर ठेवून दीडशे यार्डांवर काटेकोर नेम साधणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. तथापि त्या काडतुसाने गोळीचा मार्ग सुधारला तरी हात सुधारत नाही, आणि धक्का तर वाढतो.

मग खात्रीचा पल्ला किती धरावा? माझे स्पष्ट मत असे की, साध्या नेमाच्या रिव्हॉल्व्हरने, बसून गुडघ्यांवर किंवा मचाणाच्या कठड्यावर हात टेकवून, बहुतेक माणसांनी पन्नास यार्डांच्या पुढे जाऊ नये. दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचा नेम असेल, आधार भक्कम असेल आणि सराव वर्षभर चालू असेल, तर शंभर यार्ड ही वाजवी मर्यादा आहे. आधार न घेता, उभ्याने, हात लांब करून झाडायची गोळी पंचवीस यार्डांपलीकडे झाडूच नये. मला हे आकडे कोणी कमीपणाचे म्हटले तरी चालेल. ओहायोच्या आग्नेयेकडील टेकड्यांत हरीण या अंतराच्या आत येतेच. त्यासाठी वाऱ्याची दिशा पाहून बसावे लागते, वाट पाहावी लागते, आणि रिव्हॉल्व्हरने शिकार करण्याचे खरे कसब तेवढे जवळ जाण्यातच आहे.

प्रत्येकाने आपला आकडा स्वतः ठरवावा, परंतु तो मैदानावरील टेबलावर वाळूची पिशवी ठेवून ठरवू नये. आठ इंची कागदी ताटली लावावी, जंगलात जसे बसणार तसेच बसावे, अंगात तोच जाड कोट आणि हातांत तेच मोजे असावेत, आणि दिवसातल्या पहिल्या गोळ्याच मोजाव्यात. हात सैलावल्यानंतरच्या नव्हेत, कारण हरणावर झाडली जाते ती गोळी नेहमी पहिलीच असते. वेगवेगळ्या दिवशी हे करून पाहिल्यावर ज्या अंतरावर एकही गोळी ताटलीबाहेर जात नाही, ते आपले अंतर. दहापैकी आठ लागल्या म्हणून समाधान मानणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की उरलेल्या दोन गोळ्या हरणाच्या कोणत्या भागात गेल्या असत्या.

हा प्रश्न मी भावनेपोटी विचारत नाही. रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलीप्रमाणे वेगाच्या आघाताने आजूबाजूच्या मांसपेशी फारशा फाडत नाही. ती आपल्या मार्गात जेवढे भोक पाडते, तेवढेच तिचे काम. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, तर हरीण पन्नास-शंभर यार्ड धावून काही सेकंदांतच पडते आणि मागावर फेसाळ, तांबूस रक्त सापडते. तीच गोळी एक वीत मागे लागली, तर मागावर गडद रक्त आणि पोटातील हिरवट द्रव दिसतो, जनावराला मरायला कित्येक तास लागतात, आणि शिकाऱ्याने घाईने पाठलाग केला तर ते उठून आणखी दूर, बहुधा कायमचेच नाहीसे होते. दूरवर वेग मंदावल्याने पोकळ टोकाची गोळी नीट उमलत नाही, ही आणखी एक अडचण; म्हणून अनेक जण सपाट टोकाची, घट्ट शिशाची, आरपार जाणारी गोळी वापरतात. मात्र चुकीच्या जागी लागलेल्या गोळीला कोणतीही बनावट सावरू शकत नाही. जनावर बाजूने उभे असावे किंवा किंचित पाठमोरे असावे, समोरून गोळी झाडू नये, आणि मनात शंका आली तर घोडा हळूच खाली सोडून द्यावा.

नव्याने अमेरिकेत आलेल्या वाचकांसाठी एक सूचना करणे आवश्यक वाटते. कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांना तेथील संघराज्याच्या कायद्याने एरवी बंदूक जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. हा अपवाद आपल्याला लागू होतो की नाही, हे मित्रांच्या सांगण्यावर न विसंबता जाणकार वकिलाकडून आधी समजून घ्यावे. शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रमही मनापासून पुरा करावा, परंतु त्यात शिकवल्या जाणाऱ्या नियमांनी पल्ल्याचा निर्णय होत नाही. तो ताटलीसमोरच करावा लागतो.

आपल्या वृत्तपत्राने हा विषय मराठीत आणला याचे मला समाधान आहे आणि लेखकांच्या हेतूविषयी माझ्या मनात किंचितही शंका नाही. तरी पुढील पुरवणीत दोनशे यार्डांच्या त्या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि यापुढे अशा लेखांत पल्ल्याचा आकडा देताना नेम साधा की दुर्बिणीचा, आधार कोणता आणि काडतूस कोणते, हे तिन्ही तपशील सोबत द्यावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक मराठी वाचक
कोलंबस, ओहायो