अभंग मोकळा, चालही मोकळी, मग दावा कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेचा. गेली 35 वर्षे आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात पेटीवर साथ करतो. यंदा आषाढी एकादशीच्या भजनाचे मंडळातल्या एका मुलाने मोबाइलवर चित्रण केले आणि इंटरनेटवर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला इंग्रजीत संदेश आला की, तुमच्या चित्रफितीत दुसऱ्याच्या मालकीचे संगीत आहे. दावा होता तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान'वर.

हा रूपाचा अभंग आम्ही ज्या चालीत म्हणतो, ती चाल आमच्या वीणेकऱ्यांना वडिलांकडून मिळाली, वडिलांना दिंडीत. तिच्यावर कोणा संगीतकाराचे नाव नाही. वीणेकरी 78 वर्षांचे आहेत. संध्याकाळी पखवाजाच्या धुम्याला कणीक लावायचे काम चालले होते, तेव्हा मुलाने त्यांना तो संदेश वाचून दाखवला. त्यांनी वीणा गळ्यातून उतरवून भिंतीला टेकवली आणि विचारले, ''म्हणजे आपण चोरी केली?'' त्या रात्री आम्ही तो अभंग म्हटलाच नाही. मुलाने घाबरून चित्रफीतही काढून टाकली.

मी त्याला ती पुन्हा टाकायला लावली. दावा पुन्हा आला. मग मी रीतसर हरकत घेतली. शब्द सतराव्या शतकातले, चाल पारंपरिक, गाणारे-वाजवणारे आम्हीच, असे तीन ओळींत लिहिले. तीन आठवड्यांनी दावा मागे घेतला गेला. ना कोणी दिलगिरी व्यक्त केली, ना कारण सांगितले. असे दावे बहुतेक वेळा माणूस करत नाही. कंपन्यांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांशी यंत्र आवाज ताडून पाहते, आणि कानाला सारखे लागणारे त्याला एकच वाटते. चाल कोणाच्या किती पिढ्या मागची आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते आपल्यालाच सांगावे लागते, आणि सांगायचे तर आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. हे पत्र त्यासाठीच आहे.

गाणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नाही. त्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळे. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि तिघांची मुदतही वेगवेगळ्या दिवशी संपते. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी किंवा संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. ही 60 वर्षे मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रणाची 60 वर्षे मात्र ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून धरतात, गायक कधी गेला याच्याशी त्यांचा संबंध नाही. मुदत संपली की ती गोष्ट सर्वांची होते. परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत.

'भेटीलागी जीवा' घ्या. शब्द तुकोबांचे, ते सर्वांचेच आहेत. पण लताबाईंनी गायलेली चाल श्रीनिवास खळे यांची आहे. खळेकाका 2011मध्ये गेले, म्हणजे ती चाल 2071च्या अखेरपर्यंत राखीव. आम्ही त्याच एकादशीला हा अभंग खळ्यांच्या चालीत म्हटला होता, आणि त्यावर दावा आला असता तर तो मी निमूट मान्य केला असता. ज्याने चाल बांधली त्याचे नाव आणि त्याच्या घरच्यांचा पैसा बुडू नये, असे पेटीवर बसणाऱ्या कोणालाही वाटेल. हौशी मंडळाने तिकीट न लावता गायले तर कायद्यात सवलत आहे, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या गाण्यालाही आहे. पण देवळात मिळणारी ही सवलत चित्रफीत इंटरनेटवर टाकताना आपोआप मिळत नाही. मंडळांची गल्लत होते ती इथेच.

नाट्यसंगीताचा हिशेब तर बसून मांडावा असा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885मध्ये गेले, देवल 1916मध्ये. त्यांची पदे कधीच मोकळी झाली. 'मानापमान'ची पदे खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर 1948मध्ये गेले, म्हणून शब्द 2009पासून मोकळे. टेंबे 1955मध्ये गेले, म्हणून चाली 2016पासून. मधली सात वर्षे शब्द सर्वांचे होते आणि चाली राखीव. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते 1922मध्येच गेले. त्यातली पदे बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवर ऐकता तेव्हा शब्द, चाल आणि मुद्रण तिन्ही मोकळी असतात. आमच्या मिरजेत ज्यांच्या स्मृतीसाठी दर वर्षी मैफली होतात, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांचेही तेच. खाँसाहेब 1937मध्ये गेले. ज्या घरात अशी तबकडी कपाटात पडून आहे, त्यांनी ती नीट पुसून, डिजिटल करून लोकांसमोर ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. भीतीने ती तशीच पडून राहते आणि एक दिवस तडकते, याचे मला फार वाईट वाटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 1950च्या दशकातल्या मराठी चित्रपटगीतांच्या तबकड्यांची 60 वर्षे संपली, पण म्हणून ती गाणी मोकळी झाली असे नाही. गदिमा 1977मध्ये गेले, त्यांचे शब्द 2037 संपेपर्यंत राखीव आहेत. बाबूजींच्या, म्हणजे संगीतकार सुधीर फडक्यांच्या, चाली 2062 संपेपर्यंत. 'जुने म्हणजे फुकट' हा समज तितकाच चुकीचा आहे.

ही 60 वर्षे आली कुठून, हेही सांगण्यासारखे आहे. पूर्वी आपल्याकडे 50 वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर 1941मध्ये गेले, त्यांचे साहित्य आणि गाणी 1992च्या आरंभी सर्वांची होणार होती. ते होऊ नये म्हणून 1992मध्ये कायदा बदलून मुदत 10 वर्षांनी वाढवली. त्याच 1941च्या डिसेंबरात ग्वाल्हेरला भा. रा. तांबे गेले. बंगालसाठी झालेल्या त्या बदलाने तांब्यांची कविताही 2001च्या अखेरपर्यंत बंद राहिली. मराठीत त्यावर फारशी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. आज तांब्यांच्या कवितेला कोणीही नवी चाल लावू शकतो. जुनी, रेडिओवर गाजलेली चाल घ्यायची तर मात्र त्या संगीतकाराचा मृत्यू कधी झाला ते पाहावे लागेल.

पुढची मोठी तारीख 1 जानेवारी 2027. सावरकर फेब्रुवारी 1966मध्ये गेले, त्यामुळे त्या दिवसापासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांचे शब्द मोकळे. 'सागरा प्राण तळमळला' शाळेत स्वतःच्या चालीत बसवायला कोणाची परवानगी लागणार नाही. हृदयनाथ मंगेशकरांची चाल घेतली तर लागेल. ज्या शिक्षकांना स्नेहसंमेलन बसवायचे असते त्यांना हा फरक कोणी सांगतच नाही. सेन्सॉर, पोलीस, ध्वनिक्षेपक यांच्या परवानग्यांचे कागद त्यांच्याकडे असतात, पण गाण्याचे काय ते माहीत नसते. मग एक तर बिनधास्त सगळे उचलतात, नाही तर घाबरून सानेगुरुजींची प्रार्थनासुद्धा वगळतात. गुरुजी 1950मध्ये गेले. ते शब्द 2011पासून सर्वांचे आहेत.

परदेशातल्या मराठी मंडळांनी मात्र आपापल्या देशाचा कायदा पाहावा. युरोपात मृत्यूनंतरची मुदत साधारणपणे 70 वर्षांची आहे, तेव्हा इथे मोकळे ते तिथे असेलच असे नाही.

आपल्याकडे एक विनंती आहे. दर वर्षी 1 जानेवारीच्या अंकात एक चौकट द्यावी. 61 वर्षांपूर्वीच्या सालात गेलेले मराठी कवी, नाटककार, शाहीर, संगीतकार कोण आणि म्हणून आजपासून काय मोकळे झाले, एवढेच. सोबत त्या सुमाराला निघालेल्या तबकड्यांची नावे मिळाली तर उत्तम. जन्म-मृत्यूच्या तारखा विश्वकोशात आणि चरित्रकोशांत आहेत, तबकड्यांची माहिती जुन्या संग्राहकांकडे आहे. मी स्वतः मंडळाच्या वहीत अशी यादी करायला घेतली आहे. दर अभंगापुढे तीन रकाने आखलेत: शब्द, चाल, मुद्रण. 'सुंदर ते ध्यान'पुढे चालीच्या रकान्यात वीणेकऱ्यांनी आपल्या हाताने 'वडिलांकडून' असे लिहिले आहे. आपण चौकट सुरू केलीत तर ही वही आनंदाने पाठवीन.

आपला,
एक पेटीवादक वाचक, मिरज