देवगांडुळाचा जबडा आणि बाटलीतली चिठ्ठी

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा बुधवारी हाती आला आणि गेले चार दिवस मी त्यातच आहे. खंडाळ्याच्या देवगांडुळाच्या, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या त्या बिनपायाच्या उभयचराच्या, जबड्याचे स्नायू तू ज्या चिकाटीने एकेक करून सोडवले आहेस, ते पाहून फार आनंद झाला. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी इतकी वर्षे गेली, पण बोटाएवढ्या जाडीच्या प्राण्याच्या डोक्यात इतके काम असेल हे मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तरीही हा निबंध तू येत्या आठवड्यातच ‘द अ‍ॅनाटॉमिकल रेकॉर्ड’कडे पाठवणार आहेस हे वाचून मी थोडा थबकलो. थोडे थांब, एवढे सांगण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

अमेरिकेतील शरीररचनातज्ज्ञांची संस्था 1888 साली स्थापन झाली आणि तिचे हे नियतकालिक 1906 पासून निघते आहे. आज त्याच्या नावाखाली एकात्मिक शरीररचना आणि उत्क्रांतिजीवशास्त्र असे दोन्ही विषय लिहिलेले असतात. त्यातला दुसरा शब्द तू मनावर घ्यावास असे मला वाटते. स्नायू कोठून निघतो, कोठे जोडला जातो आणि त्याला कोणती नस जाते, हे तुझ्या मसुद्यात उत्तम आले आहे. पण शेवटच्या चर्चेत तू एका वाक्यात म्हणतोस की जबडा मिटण्याची ही पद्धत जमिनीखाली राहण्यासाठी घडत गेली. तुझ्याजवळ एकाच जातीचे चार नमुने आहेत. एका जातीवरून ती कशी आहे ते सांगता येते, कशी घडली ते सांगता येत नाही.

खरे तर तुझ्या हातातली गोष्टच इतकी विलक्षण आहे की तिला तुलनेची जोड मिळाली नाही तर मला हळहळ वाटेल. इतर पृष्ठवंशी प्राण्यांत जबडा मिटवणारे स्नायू खालच्या जबड्याला वर ओढतात. देवगांडुळात ते आहेतच, शिवाय इंटरहायॉइडियस पोस्टीरियर हा गळ्याकडचा स्नायू जबड्याच्या सांध्यामागे निघालेल्या हाडाच्या दांड्याला मागे व खाली खेचतो, आणि तरफेचे एक टोक दाबल्यावर दुसरे उचलले जावे तसा जबडा पुढून मिटतो. डोक्याने माती रेटायची तर कवटी घट्ट बंद हवी, आणि कवटी बंद झाली की आतल्या स्नायूंना फुगायला जागा उरत नाही. तेव्हा बाहेरचा स्नायू हे काम उचलतो, असा तो विचार आहे. उभयचरांचे अभ्यासक रोनाल्ड नुसबाउम यांनी 1983 साली याच दुहेरी यंत्रणेच्या आधारे देवगांडुळांच्या पूर्वजांचा प्रश्न मांडला होता. दक्षिण अमेरिकेतल्या देवगांडुळांच्या रायनाट्रेमाटिडी कुळात कवटीच्या बाजूला मोकळी जागा असते आणि जबड्याचे नेहमीचे स्नायू तिच्यातून वर कवटीच्या माथ्यापर्यंत पोहोचतात. ते नमुने तुला मिळणार नाहीत, पण आपल्या सह्याद्रीतच इक्थिओफिस हे दुसरे देवगांडूळ आहे, आणि उत्क्रांतीच्या झाडावर त्याचे कुळ तुझ्या खंडाळ्याच्या प्राण्याच्या, इंडोटायफ्लसच्या, फांदीच्या पुष्कळ आधी फुटलेले आहे. इक्थिओफिसचे दोन नमुने जरी तुझ्या चार नमुन्यांशेजारी ठेवलेस, तरी तुझ्या शेवटच्या परिच्छेदाला आधार मिळेल.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ती आजवर कोणालाही नीट सांगितलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी फळे खाणाऱ्या वटवाघळाच्या पंखावर काम केले होते. त्यात कवटीच्या मागून निघून पंखाच्या पुढच्या कडेने थेट अंगठ्यापर्यंत जाणारा ऑक्सिपिटोपॉलिकालिस नावाचा स्नायू असतो. एका नमुन्यात मला त्याचा एक जादा पट्टा दिसला, मी तो लिहिला, रेखाटला आणि निबंध पाठवून दिला. समीक्षकाने अगदी सौम्य शब्दांत विचारले की हा नमुना कोठे ठेवला आहे आणि त्याचा क्रमांक काय. मी भांडारात गेलो. आठ-दहा बाटल्यांतले फॉर्मॅलिन आटले होते, बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची शाई उतरून कागद कोरे झाले होते, आणि सुट्टीतल्या साफसफाईत काही बाटल्या टाकून दिल्याचे समजले. माझा नमुना त्यांत होता की त्या कोऱ्या चिठ्ठ्यांत, हे मला आजही सांगता येणार नाही. मी निबंध मागे घेतला. तो पट्टा खरा होता अशी माझी खात्री आहे, पण माझ्या खात्रीवर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा?

म्हणून तुझे चारही नमुने आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत रीतसर जमा कर, त्यांचे नोंदणी क्रमांक मिळव, आणि प्रत्येक आकृतीखाली तो तो क्रमांक छाप. बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने किंवा काळ्या इंडिया इंकने लिही. स्नायू दिसावेत म्हणून तू नमुने आयोडीनच्या द्रावणात ठेवून मायक्रो-सीटी, म्हणजे क्ष-किरणांचे सूक्ष्म स्कॅन, केलेस, त्याचे द्रावण किती टक्क्यांचे आणि दिवस किती हे मसुद्यात कोठेच नाही. आयोडीनने स्नायू आकसतात, तेव्हा तुझ्या मापांना त्या दोन आकड्यांशिवाय अर्थ राहत नाही. संग्रहालयाकडून इक्थिओफिस घेतलेस तर त्याला आयोडीन लावण्यापूर्वी लेखी परवानगी घे. सोडियम थायोसल्फेटने तो तपकिरी रंग पुष्कळसा निघतो, पण नमुना त्यांचा आहे. स्कॅनच्या मूळ फाइली मॉर्फोसोर्स या स्कॅनच्या ऑनलाइन संग्रहावर ठेवाव्यात, म्हणजे समीक्षकाला हवा तो छेद स्वतः घेऊन पाहता येईल.

परवानग्यांचे तू जाणतोसच. वनखात्याच्या पत्राचा क्रमांक आणि संस्थेच्या नीतिसमितीची नोंद पद्धतीच्या भागातच दे; शेवटी तळटीपेत नको. नमुने स्कॅनसाठी परदेशी न धाडता इथेच काम केलेस हे फार बरे झाले, नाहीतर जैवविविधता कायद्याखालच्या मंजुरीत वर्ष गेले असते.

आभारांत तू प्राचार्यांचे आणि माझेही नाव घातले आहेस. माझे काढ. ज्या शेतकऱ्याने पावसात शेणखताचा ढीग उपसून पहिला प्राणी ओंजळीत धरून तुला आणून दिला, त्याचे नाव त्यात नाही. त्याला विचारून ते घाल. आमच्या विषयात देहदान केलेल्यांच्या शरीरावर काम होते, आणि अलीकडे शरीररचनेच्या नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन त्या दात्यांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे आभार निबंधात लिहावेत असे सुचवले आहे. मला ते वाचून बरे वाटले होते. ज्याच्यामुळे आपल्याला पाहायला मिळाले, त्याची नोंद राहिली पाहिजे.

संपादकाला लिहायचे पत्र अर्ध्या पानाचे पुरे. त्यात जातीचे कौतुक नको, प्रश्न काय आणि उत्तर काय एवढेच हवे. तिसऱ्या आकृतीतली अक्षरे छापल्यावर दिसणार नाहीत, ती मोठी कर; आणि स्नायूंची नावे संपूर्ण निबंधात एकाच पद्धतीने लिही, कारण सध्या एकाच स्नायूला तू तीन ठिकाणी तीन नावांनी हाक मारली आहेस.

इक्थिओफिससाठी आकुर्डीला जायचे असेल तर मीही येईन. पुढच्या शुक्रवारी मला दुपारनंतर तास नाहीत. तोवर चर्चेचा भाग तसाच राहू दे, नमुने पाहिल्यावर आपण दोघे बसून तो पुन्हा लिहू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र