मुक्तास, मार्चमधल्या नांदूर मधमेश्वरबद्दल

नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही चौघी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस नांदूर मधमेश्वरच्या अभयारण्यात पक्षी मोजायला येणार, हे वाचून फार बरं वाटलं. जानेवारीत तिथे सगळेच जातात. मार्चमध्ये गर्दी ओसरते, आणि पाहण्यासारखं खरं तर तेव्हाच असतं. थंडीचे पाहुणे निघायच्या तयारीत असतात आणि त्याच चिखलावर घरचे पक्षी अंडी घालायला जागा शोधत असतात. म्हणून तुमची जानेवारीची यादी जशीच्या तशी घेऊन येऊ नकोस.

पोचलीस की दुर्बीण काढण्याआधी पाणी बघ. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, आणि त्या गाळानेच आजची उथळ पाणथळ, बेटं नि दलदल तयार केली. 1986 साली अभयारण्य झालं, 2019 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. महाराष्ट्रातली ती पहिली जागा. पण बंधारा आजही शेतीसाठीच चालतो. दारणा, गंगापूर धरणांचं पाणी इथे येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे, जलद कालव्यातून वैजापूरकडे जातं. त्यामुळे उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीला पाळीने सोडायचं पाणी, सुटलं की इथली पातळी वर-खाली होते, आणि पक्षी त्या पातळीमागे जागा बदलतात.

हे बोटांच्या मापाने लक्षात ठेव. दोन-तीन बोटं पाणी असेल तिथे टिलवे नि तुतारी हे चिखलातले छोटे पक्षी चरतात. वीतभर पाण्यात शेकाट्या आणि मालगुजा हे लांब पायांचे पक्षी. त्याहून थोडं खोल गेलं की चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी, आणि पाण्यावर तरंगत शेपटी वर करून बुडी मारणारी थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू ही बदकं. पूर्ण बुडी मारणाऱ्यांना त्याहून खोल पाणी लागतं. काल चिखलावर पाचशे टिलवे होते आणि आज एकही नाही, म्हणजे ते देश सोडून गेले असं लगेच लिहू नकोस. रात्रीतून पाणी चार बोटं चढलं असेल, तर ते पलीकडच्या गावाच्या बाजूला उतरलेले असतात. म्हणून काठावरचा एक ठळक दगड किंवा बाभळीचं खोड धर आणि दोन्ही सकाळी त्याचा एकाच जागेवरून फोटो काढ. गणनेच्या कागदावर पहिली नोंद तीच असू दे.

सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी असा, ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी नि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, पुरे. लांबच्या थव्यांसाठी तिपाईवरची मोठी दुर्बीण कुणाकडून मिळाली तर आणा, पण तिचं काम नऊच्या आत उरका. त्यानंतर पाण्यावरून झळ उठते, आकृती थरथरतात, आणि जितकं मोठं करून बघशील तितकी चोच नि पट्टे धूसर दिसतात.

मोजताना एकेक पक्षी मोजत बसू नका. थव्याच्या एका कडेचे दहा नीट मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि ती जागा पूर्ण थव्यावर मांडत जा. थवा हजाराच्या पुढे असेल तर तुकडा पन्नासचा करा. तिघींनी एकमेकींना न सांगता आकडे लिहायचे आणि मधला धरायचा. नवख्याचा आकडा बहुतेक वेळा कमी येतो, कारण मागचे पक्षी पुढच्यांच्या आड असतात. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांची गंमत वेगळी: काळ्या अंगामुळे ते लांबून गच्च वाटतात, पण त्यातले काही कायम पाण्याखाली असतात. त्यांच्याकडे दोन मिनिटं सलग बघून सर्वांत मोठा आकडा घ्या. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरला की सगळं पाणी उठतं. त्या वेळी पेन खाली ठेवायचं. दहा मिनिटांनी थवे बसले की पहिल्यापासून मोजायचं, उठण्याआधीचे आकडे त्यात मिळवायचे नाहीत, नाहीतर तीच बदकं दोनदा लिहिली जातात.

आता रंग. या दिवसांत चित्रांच्या पुस्तकातलं थंडीचं पान बघून ओळखायला गेलीस तर फसशील. मालगुजाच्या राखी मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढू लागलेला असतो, एकाच थव्यात अर्धे राखी, अर्धे विटकरी. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई आता लांबूनही ठसठशीत दिसते, आणि परतीच्या वाटेवरचे थवे येऊन मिळतात म्हणून ही बदकं मार्चमध्ये वाढलेलीही वाटतात. मला सगळ्यात आवडतात ते पिवळे धोबी. हिवाळाभर हे सगळे सारखेच मळकट. मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावरची पिसं बदलली की त्यांची गावं उघड होतात: कुणाचं डोकं काळं कुळकुळीत, कुणाचं गडद राखी, कुणाचं फिकट निळसर आणि वर पांढरी भुवई. प्रत्येकाचा वीण घालायचा मुलूख वेगळा, पण हिवाळा मात्र एकाच ओल्या गवतात, गुरांच्या पायांशी. त्यांची नोंद नुसती ‘पिवळा धोबी’ अशी करू नकोस, डोक्याचा रंग लिही. अर्धवट बदललेले असतील तर तसंच लिही, ओढून ताणून नाव देऊ नकोस.

बदकं संपली की पळस आणि पांगाऱ्याची झाडंही बघा. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, परत फिरण्याआधी त्या फुलांवर तुटून पडतात. त्यांचं पळसमैना हे नाव त्यावरूनच आलंय.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन. टिटवी मार्चपासून अंडी घालते, शेकाट्या त्यानंतर. नदी सुरय आणि पाणभिंगरी या पक्ष्यांना उघडी वाळू, खडी किंवा वाळलेला गाळच लागतो. टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीत उथळ खळगा, कडेला थोडे खडे नाहीतर शेळीच्या लेंड्या. त्यात चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, मातकट रंगावर काळे डाग. दोन पावलांवरूनही ती ढेकळांसारखी दिसतात. टिटवी ती उबवते त्यापेक्षा दुपारी त्यांना सावली जास्त धरते. ऊन फार चढलं की पाण्यात जाऊन पोट भिजवते, आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसते. तू जवळ उभी राहिलीस तर ती ओरडत घिरट्या घालत राहते आणि तेवढा वेळ अंडी तापल्या जमिनीवर उघडी पडतात. आतला जीव मरायला फार वेळ लागत नाही, आणि कावळे तुझ्या थांबण्यावरून जागा ओळखतात. म्हणून टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की पुढे जायचं नाही. ज्या वाटेने आलीस त्याच पावलांनी मागे फिर, घरट्याचा फोटो नको, ठिकाणाचा नकाशाही कुणाला पाठवू नकोस. आवर्तनाचं पाणी चढून काठावरची घरटी बुडतात तेव्हा आपल्या हातात काही नसतं. पाय जपणं मात्र असतं.

जलपर्णी जिथे पसरली आहे तिथे उघडं पाणी दिसेपर्यंत पुढे जायचा मोह होईल, तो आवरा; खाली गाळ किती खोल आहे ते वरून कळत नाही. त्या पानांवर कमळपक्षी मात्र निवांत चालतात. त्यांच्या बोटांची लांबीच इतकी, की वजन पसरतं. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याला उन्हाळ्यात शेपटी फुटू लागते, तीही जमली तर टिपा. काठाला दिवड दिसेल, ती बिनविषारी, तिच्या वाटेत येऊ नका. उसाच्या बांधावरून अंधारात चालायचं नाही, निफाड भागात बिबट्या उसातच राहतो. उजाडल्यावर, चौघी मिळून, बोलत चाला.

बाकी सामान: प्रत्येकी दोन लिटर पाणी, मातकट नाहीतर हिरवे कपडे, बंद बूट, टोपी. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. विणीच्या दिवसांत नर आपला मुलूख राखायला धावतो आणि त्यात त्याचा चाऱ्याचा वेळ जातो. दहाला आटपून सावलीत या, पुन्हा साडेचारला निघा.

दोन्ही दिवसांचे कागद मला पाठव, दगडाच्या फोटोसकट. आणि येताना निफाडच्या एखाद्या मळ्यातून द्राक्षं घ्या, तोडणी चालूच असेल.

तुझी,
आई