पोरांच्या बेडूक-पुस्तिकेला हातभार लावा, पाऊस लागायच्या आत

नमस्कार मंडळी, मृग तोंडावर आलाय, प्रेसवाला रोज विचारतोय आणि पुस्तिकेचे पैसे अजून अर्धेही जमलेले नाहीत, म्हणून घाईत लिहितोय.

आधी ज्यांनी आजवर निभावलं त्यांच्याबद्दल. गिरणीवाल्या काकांनी पहिल्या वर्षी कोणी न मागता झेरॉक्सचा सगळा खर्च उचलला, वरच्या वाडीतल्या काकू बेडूक बघायच्या रात्रीच्या फेरीहून भिजून आलेल्या पोरांना दरवर्षी गरम चहा-बटर देतात, आणि आपले गुरुजी तर काय, छत्री पोरांच्या डोक्यावर आणि स्वतः चिंब. शेजारच्या चौकुळ गावच्या पोरांनी काढलेली चित्रं बघून तर बाहेरची माणसं पण चाट पडली. अशी माणसं आहेत म्हणून मंडळ चाललंय.

पुस्तिकेचा हिरो अर्थात आपला आंबोली बुश फ्रॉग. २००९ मध्ये बिजू आणि बॉसुइट या संशोधकांनी त्याला फिलॉटस आंबोली नाव दिलं, आता त्याला स्यूडोफिलॉटस आंबोली म्हणतात, म्हणजे आपल्या गावाचं नाव विज्ञानात कायमचं लागलं! जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा जीव, बोटांच्या टोकाला गोल चकत्या, त्यामुळे ओल्या पानावरून घसरत नाही. अंधार पडला की नर गळ्याची पिशवी फुगवून मादीला हाका मारतो. पोरांना सगळ्यात भारी वाटतं ते हे की याचे बेडूकमासे पाण्यात फिरतच नाहीत, अंडी पाण्याबाहेर ओलसर जागी असतात, आतच सगळी वाढ होते आणि बाहेर येतो तो थेट चार पायांचा इवलासा बेडूक. मलबारी उडत्या बेडकाचं वेगळंच, तो डबक्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं खाली पाण्यात टपाटप पडतात. म्हणजे एकाला डबकं पाहिजे, दुसऱ्याला नुसती ओल, पण झुडपं दोघांनाही. तेव्हा कडेची झुडपं सरसकट तोडू नका असं पोरगं घरी येऊन सांगेल तर जरा ऐका.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी ग्रुपवर फोटो टाकले तेव्हा अंगठ्यांचा नुसता पूर, वर्गणीच्या वहीत मात्र तीच नेहमीची नावं. पाहुण्यांना बेडूक दाखवायला सगळे पुढे, पोरांच्या पुस्तकाचं म्हटलं की "बघू नंतर". वाईट वाटतं हो.

तर रंगीत ५०० प्रती काढायच्यात, शंभर रुपये पण चालतील, खजिनदारांकडे किंवा वाचनालयात संध्याकाळी द्या, पावती मागून घ्या, मुंबईकरांनी गावी येणाऱ्याच्या हाती पाठवा, टॉर्च आणि लहान मापाचे रेनकोट पण हवेत (जुने चालतील, फाटके नकोत), फेरीला यायचं असेल तर फ्लॅश बंद, बेडकाला हात लावायचा नाही, त्याची कातडी नाजूक असते आणि आपल्या हाताला डासांचं मलम असतं. गेल्या वर्षी वहीत नाव घालून पैसे राहिलेत त्यांना वेगळं सांगत नाही.

आपला,
चिटणीस