दोस्तीत ग्लासची सक्ती कशाला?

संपादक साहेब, गेल्या शनिवारी वाशीला मित्राकडे बसायला गेलो होतो, मी दारू घेत नाही हे सगळ्यांना कॉलेजपासून माहितीय तरी 'माझ्यासाठी एक तरी घे रे, दोस्त नाहीस का' हे सुरूच, शेवटी जेवण अर्धं टाकून निघालो आणि त्याचं वाईट वाटतंय ते अजून जात नाहीये. जपानमध्ये आपला ग्लास आपण भरत नाहीत, शेजारचा भरतो, आणि पुरे झालं की ग्लास भरलेलाच ठेवायचा, समोरचा समजून जातो. जॉर्जिया देशात पंगतीला एक 'तमादा' असतो, तो शांततेसाठी, गेलेल्या माणसांसाठी, पाहुण्यांसाठी मनापासून बोलतो आणि मगच वाइन, हे मला फार आवडलं कारण तिथे आधी बोलणं आहे. आपल्याकडेही दारात आलेल्याला गूळ-पाणी द्यायचे, 'अर्धा कप तरी घ्या' हा चहाचा आग्रह मायेचाच असतो, मान्य. पण दारूचं तसं नाही हो, नंतर पाम बीच रोडने गाडी चालवत बेलापूरला घरी जायचं असतं. फ्रीजमध्ये ताक, सोलकढी ठेवा ना, आणि एकदा नाही म्हटल्यावर परत विचारू नका.

- एक वाचक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई